घरचे इंटरनेट बंद पडते तेव्हा

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मालाची आवक, भावांची चढउतार अथवा कराचे नवे नियम यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. मी आज लिहितो आहे ते घराच्या कोपऱ्यात, बहुधा लोखंडी तिजोरीच्या माथ्यावर नाहीतर टीव्हीच्या मागे, धूळ खात पडलेल्या एका लहानशा पेटीविषयी. तिला राउटर म्हणतात. ती चालू असते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती बंद पडली की मात्र सारे घर तिच्याभोवती गोळा होते, प्रत्येक जण तिचे एखादे बटण दाबून पाहतो, आणि अखेरीस कोणा एकाच्या माथी दोष मारून मंडळी मोकळी होतात. ही रीत आपल्यासारख्या हिशेबी माणसांना शोभत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला एका फजितीतून आले असल्यामुळे ती फजितीच प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिन्याची २० तारीख होती. सभासदांना ही तारीख वेगळी समजावून सांगावयास नको. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याने मागील महिन्याचे जीएसटीआर-३बी या दिवसापर्यंत भरावयाचे असते. चुकल्यास दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, आणि रोखीने भरावयाच्या कराच्या रकमेवर सालिना १८ टक्के व्याज. पेढीचे आकडे रात्री घरी बसून स्वतः पाहण्याची माझी जुनी सवय आहे. थोरले चिरंजीव खरेदीसाठी हुबळीस गेले होते. बाहेर परतीचा पाऊस लागला होता. सायंकाळी सातच्या सुमारास संगणकावर जे चक्र फिरू लागले ते थांबेचना.

मी काय केले ते ऐकावे. प्रथम पेटीला दोन चापट्या मारल्या. मग प्लग काढून लगेच पुन्हा लावला. त्याने काही होईना, तेव्हा पेटीच्या पाठीमागे जे एक बारीक भोक असते त्यात शिवणाची सुई खुपसून चांगली दहा-पंधरा सेकंद दाबून धरली. कारण दुकानशेजारच्या एका गृहस्थांनी असेच केले असता त्यांचे नेट चालू झाले, असे मी कधीतरी ऐकले होते. सगळे दिवे विझले, पुन्हा लागले, आणि घराच्या वायफायचे आम्ही ठेवलेले नावच नाहीसे होऊन तेथे कंपनीचे कसलेसे अक्षर-आकड्यांचे नाव आले. आता माझा संताप अनावर झाला. दुकानातील एक मुलगा त्या दिवशी दुपारी, दसरा-दिवाळीच्या साफसफाईसाठी कपाटे हलवावयास घरी आला होता. तो पेटीजवळ वावरताना मी पाहिला होता. तेवढ्या पुराव्यावर मी त्यास फोन करून जे बोललो ते या पानांवर लिहिण्याजोगे नाही. तो बिचारा "मालक, मी हात लावला नाही" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

नऊ वाजता धाकट्या सूनबाई आपल्या शाळेच्या कार्यक्रमाहून परतल्या. त्यांनी पेटीला हातदेखील लावला नाही. वाकून नुसते दिवे पाहिले आणि विचारले, "मामंजी, हा लाल दिवा तुम्ही सुई लावण्याआधीही लागला होता का?" मी म्हणालो, "दिवे कोण पाहतो!" मग त्या पेटीतून निघालेल्या बारीक तारेवर बोट ठेवून भिंतीच्या कडेकडेने चालत गेल्या. तार जेथे खिडकीकडे वळते तेथे, नव्या जागी सरकवलेल्या लोखंडी कपाटाच्या पायाखाली ती चेपून सपाट झाली होती. कपाट तेथे ठेव, असे त्या मुलास बोट दाखवून सांगणारा मीच होतो. पेटीला त्याने खरोखरच हात लावला नव्हता.

पुढे सूनबाईंनी आपल्या मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून संगणक त्यावर जोडून दिला आणि पावणेअकराला विवरण भरून झाले. ही युक्ती सात वाजताही तितकीच सोपी होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन तुटलेली तार अर्ध्या तासात जोडून गेला. परंतु मी सुईने पुसून टाकलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मिळवून पेटीत पुन्हा भरता भरता संध्याकाळ झाली. काही कंपन्यांच्या पेट्या ही माहिती केंद्राकडून आपोआप परत घेतात. आमची तशी नव्हती. म्हणजे पहिला दोष कपाटाचा, आणि दुसरा, त्याहून वेळखाऊ दोष माझा. त्या मुलाची मी दुकानात चारचौघांदेखत क्षमा मागितली. तो हसला आणि पोती मोजू लागला. परंतु तेव्हापासून त्यास घरी काही कामाला बोलावले तर तो बरोबर आणखी एकाला घेऊन येतो, ही गोष्ट माझ्या ध्यानातून जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. रोजमेळाचा मेळ लागत नसेल तर आपण वही फाडून नवी लिहावयास घेत नाही, अथवा गुमास्त्यावर चोरीचा आळही घेत नाही. फरक कोणत्या पानावर शिरला ते मागे मागे जात शोधतो. इंटरनेटचेही नेमके तसेच आहे. अडचण एवढीच की त्याची पाने आपल्याला ठाऊक नसतात. आपण सगळ्यालाच "वायफाय" म्हणतो. "वायफाय गेले", "वायफायचे बिल भरले", "वायफायवाला आला". वस्तुतः वायफाय म्हणजे हातातील मोबाइलपासून घरातील पेटीपर्यंतचा हवेतला टप्पा, एवढेच. पेटीपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत जाणारी तार हा दुसरा टप्पा, आणि केंद्रापासून पुढे सगळ्या जगाचा पसारा हा तिसरा. मोबाइलच्या कोपऱ्यात वायफायची खूण भरलेली दिसते आणि तरी पान उघडत नाही, याचे लोकांना मोठे आश्चर्य वाटते. त्यात आश्चर्य काही नाही. खूण पहिल्या टप्प्याची आहे, आणि तुटले आहे दुसऱ्या टप्प्यात.

टप्पा ओळखावयास कोणत्याही यंत्राची गरज नाही. एकाच मोबाइलवर नेट नाही आणि घरातील इतरांच्या मोबाइलवर आहे, तर दोष त्या मोबाइलचा. पेटीच्या वाटेस जाऊ नये. कोणाकडेच नाही, तर मोबाइलचे वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावर तेच पान उघडून पाहावे. तरीही उघडत नसेल तर दोष आपल्या घरात नसून त्या संकेतस्थळाचाच असण्याचा संभव अधिक. विसाव्या तारखेस रात्री कराचे संकेतस्थळ कसे रेंगाळते हे सभासदांना मी सांगावे असे नाही. अशा वेळी घरच्या निरपराध पेटीला शिक्षा केल्याने सरकारी संगणक वेगाने धावू लागत नाही. डेटावर पान उघडले आणि घरच्या वायफायवर उघडत नाही, तर मात्र पेटीपाशी जावे आणि, सूनबाईंप्रमाणे, हात पाठीमागे ठेवून दिवे वाचावेत.

दिव्यांची नावे कंपनीपरत्वे थोडी बदलतात, पण हल्ली बहुतेक घरांत येणाऱ्या फायबरच्या पेटीवर दोन दिवे महत्त्वाचे. एकाखाली "पॉन" असे लिहिलेले असते आणि दुसऱ्याखाली "लॉस". पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर पेटीचे कंपनीच्या केंद्राशी बोलणे चालू आहे. तो लुकलुकत असेल तर पेटी हाका मारते आहे, पण केंद्राने अद्याप तिला ओळख दिलेली नाही. आणि "लॉस" हा लाल पेटला, म्हणजे तारेतून यावयाचा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. प्रकाश हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्या तारेच्या पोटात केसासारखा काचेचा धागा असतो. काचेची एकंदर जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि त्यातही प्रकाश ज्या गाभ्यातून वाहतो तो सुमारे ९ मायक्रॉनचा. अशी वस्तू तांब्याच्या तारेप्रमाणे खिळ्याला गुंडाळून, दाराच्या फटीत दाबून अथवा कपाटाच्या पायाखाली घालून कशी चालेल? ती नुसती फार वाकली तरी वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. उंदरांना तिचे वेष्टण कुरतडावयास आवडते, हे वखारी असलेल्या सभासदांनी विशेष लक्षात ठेवावे. तार पेटीतून निघाली असेल तर तिच्या टोकात डोळा लावून "उजेड येतो का" हे मात्र कदापि पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसणारा नसतो, पण आहे लेझरचा.

लाल दिवा लागलेला असला आणि घरातील तार धडधाकट दिसली, तर शेजारी त्याच कंपनीचे नेट असणाऱ्यास विचारावे. केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांना पुरवण्याची पद्धत आहे. शेजाऱ्यांचेही गेले असेल तर झाडाची फांदी नाहीतर रस्त्याची खोदाई हे कारण असावयाचे, आणि आपण घरात काहीही करून उपयोग नाही. तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि स्वस्थ बसावे. स्वस्थ बसणे हाही उपायच आहे, आणि आपल्या घरांतून तो फार थोड्यांना साधतो.

पॉन स्थिर, लॉस विझलेला, आणि तरीही "इंटरनेट" नावाचा दिवा लागत नाही, अशीही एक अवस्था असते. तार ठीक, पण खाते अडले आहे असा तिचा अर्थ. यात पेटीतील नाव-पासवर्ड बिघडलेले असू शकतात; परंतु त्याआधी बिलाची मुदत पाहावी. लाखांच्या हुंड्या तारखेवर फेडणारी आपली माणसे या महिनाअखेरच्या क्षुल्लक रकमेत चुकतात, आणि मग दोन तास कंपनीच्या नावाने बोटे मोडून झाल्यावर मुदत कालच संपल्याचे उघडकीस येते. हा प्रकार मी तीन घरांत पाहिला आहे. त्यांपैकी एक माझ्या सख्ख्या मेहुण्यांचे.

एकही दिवा लागत नसेल अथवा सगळे दिवे लागून मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा विझत असतील, तर भिंतीच्या प्लगमधला अडॅप्टर पाहावा. सर्वसाधारणपणे या पेट्यांना १२ व्होल्टचा लागतो, पण आपल्या पेटीच्या बुडाशी काय छापले आहे ते वाचावे, आणि अडॅप्टरवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. साफसफाईत टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर राउटरला आणि राउटरचा टीव्हीच्या डब्याला लागण्याची अदलाबदल नेहमी होते. टोके सारखी, आकडे वेगळे. जुना झालेला अडॅप्टर दिवे पेटवितो, पण भार आला की दम सोडतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवणे उत्तम. काचेच्या तारेतून वीज येत नाही हे खरे, पण विजेच्या जोडणीतून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून ती येते.

येथे दोन शब्दांतील भेद सांगणे अवश्य आहे, कारण माझी फजिती त्यातूनच झाली. एक "रीस्टार्ट", दुसरा "रीसेट". रीस्टार्ट म्हणजे पेटी बंद करून पुन्हा चालू करणे. पेटी हा एक छोटा संगणकच आहे. दिवसेंदिवस अखंड चालून तो कधी अडखळतो आणि पुन्हा चालू केल्यावर केंद्राकडून नवा पत्ता मागून घेऊन शहाण्यासारखा वागू लागतो. पण प्लग काढून लगेच लावू नये. अर्धा मिनिट थांबावे, मग लावावा, आणि पुढे चार-पाच मिनिटे कोणी काही दाबू नये. घरात कंपनीची एक आणि आपली एक अशा दोन पेट्या असतील तर आधी कंपनीची चालू करून तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मग आपली. रीसेट म्हणजे ते सुईचे भोक. त्याने पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. घरचे नाव, पासवर्ड, कंपनीच्या खात्याची माहिती, सगळे पुसले जाते. सांगणारा कितीही जाणता असो, ही माहिती कागदावर उतरलेली नसेल तोवर त्या भोकात सुई घालू नये. माझे तर असे मत आहे की ज्या घरात ती माहिती लिहिलेली नाही, त्या घराने त्या भोकावर चिकटपट्टीच लावून ठेवावी.

नेट अगदी बंद नाही, पण माजघरात येते आणि स्वयंपाकघरात येत नाही, ही तक्रार जुन्या पेठांतील घरांतून सर्रास ऐकू येते. बेळगावच्या चिऱ्याच्या भिंती आपल्या वाडवडिलांनी उन्हापावसासाठी बांधल्या. वायफाय त्यांच्या हिशेबात नव्हते. पेटीतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गीगाहर्ट्झची लहर मंद, पण भिंतीतून पुष्कळशी पार होते. ५ गीगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते. मोबाइलमध्ये एकाच घराची दोन नावे दिसतात ती याचीच, आणि लांबच्या खोलीत पहिलीवर जोडल्यास बहुधा काम भागते. मायक्रोवेव्ह ओव्हन हाही २.४ गीगाहर्ट्झच्याच आसपास चालतो, म्हणून दूध तापत असताना स्वयंपाकघरातले नेट अडखळले तर कंपनीस फोन करू नये. पेटी घराच्या मध्याजवळ, उघड्या जागी, छातीइतक्या उंचीवर असावी. लोखंडी तिजोरी, कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी ही तिची शत्रुस्थाने. पेटी बारीकसारीक वस्तूंत मोडते म्हणून तिला मौल्यवान समजून तिजोरीशेजारी ठेवणारी घरे मी जाणतो, आमचेच होते.

याखेरीज दोन लहान गोष्टी सांगून ठेवतो, कारण जाणत्यांचीही त्यात फसगत होते. संगणकाची तारीख चुकली असेल, समजा जुन्या लॅपटॉपची आतील बॅटरी संपून तो दहा वर्षे मागे गेला असेल, तर नेट चालू असूनही बँकेची आणि कराची पाने "जोडणी सुरक्षित नाही" असे सांगून उघडणे नाकारतात. तारीख नीट केली की काम होते. दुसरी गोष्ट पत्त्याची. पेटी घरातील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता देते. तो पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकावर तो १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर पेटीकडून काहीच न मिळाल्यामुळे संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, आणि शोध पहिल्या टप्प्यातच घ्यावयास हवा.

"आम्ही दरमहा पैसे मोजतो, ही उठाठेव आम्ही का करावी?" असा प्रश्न संघाच्या एका बैठकीनंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी मला केला होता. प्रश्न योग्य आहे, आणि कंपन्यांची बाजू घेण्याचा माझा मुळीच विचार नाही. तक्रारीचा क्रमांक, दिवस आणि वेळ लिहून ठेवून त्यांच्याकडून चोख काम करून घ्यावे. परंतु कंपनीचा माणूसही फोनवर पहिला प्रश्न "कोणता दिवा लागला आहे?" हाच विचारतो. आपण "नेट गेले" एवढेच सांगितले तर पेटी तपासणारा माणूस येतो, आणि तार जोडण्याचे यंत्र त्याच्यापाशी नसते. "लॉस लाल आहे, घरातील तार पाहिली, शेजाऱ्यांचे चालू आहे" असे सांगितले तर योग्य माणूस योग्य सामान घेऊन येतो. आपण मागणीपत्रात मालाचा दर्जा, माप आणि वजन लिहितो ते गिऱ्हाइकाची उठाठेव म्हणून नव्हे.

त्याहून गंभीर कारण दुसरेच आहे. नेट बंद पडले की माणूस घाईने मोबाइलवर कंपनीच्या मदत केंद्राचा नंबर शोधतो. ठगांनी पेरून ठेवलेले खोटे नंबर नेमके तेथेच सापडतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, आपल्या मोबाइलवर एखादे ॲप घ्यावयास सांगतो, आणि त्या ॲपमधून आपला पडदा त्याला जसाच्या तसा दिसू लागतो. मग "दहा रुपये भरून खाते तपासू" असे म्हणून बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी डोळ्यांदेखत टिपून घेतो. राउटर दुरुस्त करणाऱ्याला आपल्या बँकेचे काही एक कारण नसते. कंपनीचा नंबर बिलावरून घ्यावा, शोधून घेऊ नये. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर त्याच क्षणी कळवावे, लाज बाळगून उद्यावर टाकू नये. अशा प्रसंगी लाज बाळगण्याचा आपल्या समाजाचा स्वभाव ठगांच्या पथ्यावर पडतो.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक घरात राउटरचे एक पान असावे. मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर. त्यात ग्राहक क्रमांक, बिलावरचा मदतीचा नंबर, कंपनीच्या खात्याचे नाव-पासवर्ड, वायफायचे नाव-पासवर्ड, पेटीचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, आणि सर्व ठीक असताना कोणते दिवे कसे दिसतात याची नोंद. शेवटची नोंद सर्वांत उपयोगी, कारण निरोगी चेहरा ठाऊक नसेल तर आजार कसा ओळखावयाचा? पान भिंतीवर डकवू नये. खतावणीच्या कपाटात ठेवावे. आणखी एक बाब आवर्जून लिहावी: नोंदणी केलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? पुष्कळ घरांत तो पुण्यास नाहीतर बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्या मुलाचा असतो. ओटीपी तिकडे जातो, मुलगा बैठकीत असतो, आणि इकडे आईवडील पेटीपुढे बसून राहतात.

हे पान ठाऊक असणारी माणसे घरात किमान दोन असावीत. दिवसा घरी कोण असते याचा विचार न करता आपण ही माहिती दुकानावर बसणाऱ्या पुरुषांपाशी ठेवतो, हे मला अनाकलनीय वाटते. आमच्या घरात दिव्यांचे ज्ञान सूनबाईंना होते, आणि मी त्यांस कधी विचारलेच नव्हते. आपला व्यापार आता या तारेवर किती टांगलेला आहे ते पाहावे. दि. १ एप्रिल २०१८ पासून कर्नाटकात राज्यांतर्गत मालासही ई-वे बिल लागू झाले. ५० हजार रुपयांवरील माल कोल्हापूरकडे वा गोव्याकडे रवाना करावयाचा आणि बिल निघत नाही, तर भरलेली गाडी दारात उभी राहते आणि चालक दर दहा मिनिटांनी आत डोकावतो. त्या वेळी घरातील कोणी शांतपणे "लॉस लाल आहे, तुम्ही हॉटस्पॉटवर काढा" असे म्हणू शकले तर गाडी सुटते.

संघाच्या कार्यालयात दरवर्षी हिशेब आणि करांविषयी वर्ग होतात. येत्या वर्षी त्यांत एक संध्याकाळ या विषयासाठी ठेवावी अशी मी कार्यकारिणीस विनंती करीत आहे. एक पेटी टेबलावर मांडावी, तिची तार काढून लाल दिवा दाखवावा, अडॅप्टर बदलून दाखवावा, आणि प्रत्येक घराचे ते पान तेथेच भरून घ्यावे. प्रत्येक घरातून दोघांनी यावे, त्यांतील एक तरी दुकानावर न बसणारे असावे. शिकविण्यासाठी बाहेरून कोणास बोलावण्याची गरज नाही. आमच्या सूनबाईंनी होकार दिला आहे, आणि टेबल मांडावयास व तारा जोडावयास तो दुकानातला मुलगा येईन म्हणतो आहे. बरोबर कोणास आणणार का, असे मी त्यास मुद्दामच विचारलेले नाही.